निविदा मागून वाच, बयो!

“ताई, पालिकेचं चाळीस कोटींचं टेंडर निघालंय. दवाखान्याची इमारत. भरू का?” एवढा मेसेज टाकून तू मोकळी झालीस. त्यावर मी नुसतं हो किंवा नको म्हणाले, तर तुझ्या हाती काही लागणार नाही. उद्या दुसरं टेंडर निघेल आणि तू पुन्हा मलाच विचारशील. त्यापेक्षा आज जरा निवांत बस आणि विचार कसा करायचा ते ऐक.

तुझे हात शिवशिवतात, ते मला कळतं. सोसायट्यांची गळती काढून आणि प्लास्टर करून कंटाळा आलाय तुला. त्यात आपल्या सांताक्रूझमध्ये जिकडे बघावं तिकडे सरकारी काम. ऑक्टोबर २०२४ मध्ये मेट्रो तीन आपल्या स्टेशनापर्यंत आली. ऑगस्ट २०२५ मध्ये वाकोल्याला हायवेवरून जाणारा केबल स्टेड पूल सुरू झाला. पलीकडे वांद्र्याच्या सरकारी वसाहतीत नव्या उच्च न्यायालयाची पायाभरणी नोव्हेंबर २०२५ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाली. हे सगळं रोज बघणाऱ्या इंजिनिअर बाईला ‘आपण का नाही?’ असं वाटणारच. वाटू दे की! फक्त आपल्याला दिसतं ते उभं राहिलेलं काम. त्याच्यामागे कोणाचे पैसे किती वर्षं अडकले होते, ते रस्त्यावरून दिसत नाही.

म्हणून माझा पहिला आणि शेवटचा सल्ला एकच: निविदा मागून वाच. आपले सगळे लोक काय करतात? पहिल्या पानावरची अंदाजित रक्कम बघतात आणि दर टाकायला बसतात. तू शेवटाकडून सुरुवात कर. पहिला प्रश्न हा, की माझा शेवटचा रुपया मला परत कधी मिळणार?

इमारत ताब्यात दिली, फीत कापली, की काम संपलं असं वाटतं. संपत नाही. त्यानंतर दोषदायित्व कालावधी सुरू होतो, ज्याला आपण सगळे डीएलपी म्हणतो. तो संपेपर्यंत सुरक्षा ठेव तिकडेच. पालिकेने जानेवारी २०२३ मध्ये काँक्रीट रस्त्यांची सहा हजार कोटींच्या वरची कामं दिली, त्यांचा डीएलपी दहा वर्षांचा होता. दहा वर्षं! इमारतीचा डीएलपी निराळा असतो आणि तो निविदेत लिहिलेला असतो. पण त्या काळात तिसऱ्या पावसाळ्यात ऑपरेशन थिएटरच्या छताला ओल आली, तर धावत तूच जाणार, स्वतःच्या खर्चाने. ठेवीऐवजी बँक गॅरंटी दिलीस तरी बँक काही तुझ्या चेहऱ्याकडे बघून ती देत नाही. मार्जिन म्हणून एफडी अडकवून घेते. तेव्हा कागदावर आधी एवढंच लिही: किती रक्कम आणि किती वर्षं. ती रक्कम तुझी आहे, पण तुझ्या उपयोगाची नाही, असं धरून चाल.

आता एक पान मागे ये. बिलं. आपण समजू की महिन्याभरात तू एक कोटीचं काम केलंस. कनिष्ठ अभियंत्याने मोजमाप घेतलं, मोजमाप वहीत, म्हणजे एमबीत, नोंद झाली, उपअभियंत्याने तपासलं, कार्यकारी अभियंत्याची सही झाली आणि आर.ए. बिल, म्हणजे चालू कामाचं बिल, निघालं. जीएसटी त्यावर वेगळा. आता यातून काय कापलं जातं ते बघ. फर्म असेल तर आयकराचे २ टक्के, म्हणजे दोन लाख. जीएसटीचा टीडीएस २ टक्के, आणखी दोन लाख. बांधकाम कामगारांचा उपकर १ टक्का, एक लाख. सुरक्षा ठेवीपोटी समज ५ टक्के धरले, पाच लाख. हातात आले नव्वद. तू दर टाकताना दहा टक्के नफा धरला असशील, तर तुझा सगळा नफा त्या कपातीत गेला. तो बुडाला असं नाही. आयकर विवरणपत्रात वळता होतो, जीएसटीचा तुझ्या खात्यात जमा होतो, ठेव डीएलपीनंतर येते. उपकर तेवढा गेला तो गेला. पण सिमेंटवाला आणि मुकादम विवरणपत्र भरेपर्यंत थांबत नाहीत. त्यांना शनिवारी पैसे लागतात.

जीएसटीचीही एक गंमत ऐक. सरकारी बांधकामांवरचा दर १८ जुलै २०२२ पासून १२ चा १८ टक्के झाला. ज्यांनी आधीच्या दराने हिशेब करून कामं घेतली होती, त्यांना फरकाचे पैसे मिळवायला पत्रांमागून पत्रं लिहावी लागली. म्हणून निविदेतले दर कर धरून आहेत की वगळून, आणि कर बदलला तर फरक कोण सोसणार, ही दोन वाक्यं शोधून त्यांच्याखाली लाल रेघ मार. बिल दिलंस की त्यावरचा कर पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत भरायचा असतो. खात्याकडून पैसे आले नाहीत म्हणून ती तारीख पुढे सरकत नाही.

आणि पैसे उशिरा येतात, हे तर तुला ठाऊकच आहे. २०२५ मध्ये राज्यातल्या कंत्राटदारांच्या संघटना आंदोलनं करत होत्या. वेगवेगळ्या खात्यांकडे मिळून ८९ हजार कोटींची बिलं थकली आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. आकड्यावर वाद घालणारे घालोत. आपण त्यातून एवढंच घ्यायचं, की सरकार हे वाण्याकडे उधारीवर माल नेणाऱ्या जुन्या गिऱ्हाईकासारखं आहे. बुडवणार नाही, पण कधी देईल ते त्याच्या सोयीने. दुकान तोवर चालू ठेवायची ताकद तुझ्यात हवी. म्हणून कामाला प्रशासकीय मान्यता आहे का, यंदाच्या अर्थसंकल्पात त्यासाठी तरतूद किती, हे आधी बघ. चाळीस कोटींच्या कामाला यंदा दोन कोटींचीच तरतूद दिसली, तर पहिल्या वर्षी बिलं कुठवर निघतील हे सांगायला ज्योतिषी नको. माझा स्वतःचा नियम असा: लागोपाठ तीन बिलं अडकली तरी साइट बंद पडणार नाही, एवढा पैसा किंवा बँकेची मर्यादा हाताशी असेल, तरच त्या आकाराचं काम भरायचं.

आता मुदत. ‘२४ महिने’ एवढं वाचून पान उलटू नकोस. त्यापुढे ‘पावसाळा धरून’ आहे की ‘पावसाळा वगळून’, ते बघ. या एका शब्दात आठ महिन्यांचा फरक आहे, कारण दोन वर्षांत दोन पावसाळे येतात. २६ जुलै २००५ ला आपल्याच सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला होता. तसा पाऊस दरवर्षी पडत नाही, पण जूनमध्ये उघडा पडलेला पाया काय दिवस दाखवतो, ते कलिन्यात आणि वाकोल्यात राहणाऱ्याला सांगायला नको. पाया मेअखेर जमिनीवर येईल असा कार्यारंभ आदेश मिळणार असेल तर ठीक. आदेश एप्रिलमध्ये हातात पडला, तर तुझे पहिले सहा महिने पाणी उपसण्यात जातील, आणि उशिराचा दंड मात्र ठरल्या दिवसापासून मोजला जाईल. मुदत बारा महिन्यांहून मोठी असेल, तर भाववाढीचं कलम आहे का, तेही इथेच तपास. लोखंडाचा भाव तुझ्यासाठी थांबून राहात नाही.

त्याच्याही मागचा प्रश्न जागेचा. जागा मोकळी आहे का? हा प्रश्न साधा नाही. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता आठवतो ना? जागतिक बँकेचं कर्ज, गॅमन इंडियासारखी नावाजलेली कंपनी, आणि तरी २००३ मध्ये सुरू झालेलं काम वाहतुकीला खुलं झालं एप्रिल २०१४ मध्ये. साडेसहा किलोमीटरहूनही कमी लांबीचा रस्ता! मार्गातल्या कुटुंबांचं पुनर्वसन, रेल्वेच्या रुळांवरून पूल न्यायच्या परवानग्या, अशा गोष्टींत वर्षं गेली आणि खर्च मूळ आकड्याच्या कितीतरी पुढे गेला. त्याच्याच विस्ताराचं काम २०१६ ला दिलं, तर वाकोल्याचा तो केबलवाला पूल उघडायला २०२५ उजाडलं. इतकी वर्षं मोठी कंपनी तग धरू शकते, तिच्याकडे दुसरीकडचे पैसे असतात. आपल्यासारखीचं दुकान बंद होतं. म्हणून जागेवर स्वतः जा. एकदा सकाळी जा, एकदा संध्याकाळी शाळा सुटायच्या वेळेला जा. ट्रान्झिट मिक्सर त्या गल्लीत वळतो का? जुनी इमारत पाडायची आहे तर तिच्यात अजून कोणी राहतं का, ओपीडी चालू आहे का? राडारोडा कुठे टाकायचा? खाली कोणाच्या केबली, कोणाची जलवाहिनी?

आपल्याकडे तर डोक्यावर विमानं. विमानं उतरायच्या मार्गाखाली, म्हणजे फनेलमध्ये, जागा असेल तर इमारतीच्या उंचीला विमानतळ प्राधिकरणाची परवानगी लागते, हे सगळ्यांना माहीत असतं. क्रेनच्या उंचीलाही लागते, हे बहुतेकांना क्रेन आणल्यावर कळतं. शिवाय ऑक्टोबर २०२३ पासून पालिकेचे धुळीचे नियम आहेत: एक एकराहून मोठ्या जागेभोवती ३५ फुटी पत्रा, लहान जागेला २५ फुटी, वर हिरवं कापड, पाण्याचे फवारे, ट्रकची चाकं धुवायची सोय. राज्य सरकारचं काम असेल तर विमा राज्याच्या विमा संचालनालयाकडे उतरवायचा. ते कार्यालय कलानगरसमोर म्हाडाच्या इमारतीत आहे, चौकशीला लांब जायला नको. हे सगळे खर्च दरपत्रकात वेगळ्या ओळीने येत नाहीत. ते तुझ्या दरात तूच बसवायचे असतात.

इथवर मन ‘हो’ म्हणालं, तर पात्रतेकडे ये. केंद्रीय दक्षता आयोगाने २००२ मध्ये एक मोजपट्टी दिली होती. प्रत्येक खातं तिच्यात आपापला बदल करतं, पण अंदाज यायला ती पुरते. मागच्या सात वर्षांत तशाच प्रकारचं एक काम अंदाजित रकमेच्या ८० टक्क्यांचं, किंवा दोन कामं ५० टक्क्यांची, किंवा तीन ४० टक्क्यांची. आणि तीन वर्षांची सरासरी उलाढाल ३० टक्के. चाळीस कोटींना हे लावून बघ: ३२ कोटींचं एक, २० ची दोन किंवा १६ ची तीन, आणि उलाढाल १२ कोटी. सोसायटीच्या दुरुस्तीची दहा कामं जोडून ‘तशाच प्रकारचं’ एक काम होत नाही. पोटकंत्राटातलं काम तर मूळ मालकाच्या दाखल्याशिवाय कोणी विचारातच घेत नाही.

त्यानंतर निविदा क्षमता. बऱ्याच निविदांत सूत्र असतं: पाच वर्षांतल्या सर्वांत चांगल्या वर्षी केलेलं काम, गुणिले कामाची मुदत वर्षांत, गुणिले दोन, वजा हातातली कामं. चांगल्या वर्षी १५ कोटी, मुदत दोन वर्षं, तर झाले ६०. हातात २५ कोटींची कामं बाकी असतील तर उरले ३५. चाळीसच्या कामाला तू अपात्र. हातातल्या कामाचा आकडा लपवायचा मोह इथेच होतो. लपवू नकोस. खोटं प्रतिज्ञापत्र उघडं पडलं तर बयाणा रक्कम जप्त होते आणि नाव काळ्या यादीत जातं. मग एका कामासाठी पुढची सगळी वर्षं गेली.

एकटीला जमत नसेल तर भागीदार घ्यावा का? घ्यावा, निविदेत मुभा असेल तर. आपलं मेट्रोचं सांताक्रूझ स्टेशन ज्या पॅकेजात होतं, ते काम जे. कुमार आणि चीनची सीआरटीजी या कंपन्यांनी संयुक्तपणे घेतलं होतं. इथली माणसं, इथली यंत्रणा एकाची; बोगद्याचा अनुभव दुसऱ्याचा. असं जुळत असेल तर संयुक्त उपक्रमाला अर्थ आहे. नुसता दाखला भाड्याने मिळतो म्हणून कोणाचा हात धरू नकोस. करारात जबाबदारी ‘संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे’ अशी लिहिलेली असते. भागीदार पळाला तर सगळी इमारत तुझ्या एकटीच्या गळ्यात.

आता कुठे दर! सार्वजनिक बांधकाम खात्यात बी-१ म्हणजे टक्केवारीची निविदा, बी-२ म्हणजे बाबवार दराची. टक्केवारीत अंदाजपत्रकाच्या किती खाली किंवा वर, एवढंच टाकायचं. इथेच लोकांच्या अंगात येतं. ‘अमका बावीस टक्के बिलो गेला’ हे कौतुकाने सांगतात. बावीस टक्के खाली जाणाऱ्याने काय पाहिलं? एक तर अंदाजपत्रक फुगलेलं होतं, नाही तर सिमेंट कमी पडणार आहे, नाही तर त्याला हे काम मिळवून जुनी देणी फेडायची आहेत. त्यातलं आपल्याला एकही नको. शिवाय जितकं खाली जाशील तितकी जादा सुरक्षा ठेव भरावी लागते आणि हा दर परवडतो कसा, याचं पृथक्करण मागतात. म्हणून प्रत्येक मोठ्या बाबीचा दर स्वतः काढ: काँक्रीट, लोखंड, शटरिंग, खिडक्या, वैद्यकीय गॅसच्या नळ्या. दवाखान्याच्या कामात भिंतींपेक्षा नळ्या, वायरी आणि वातानुकूलन यांतच माणसं फसतात. बाजारातून तीन लेखी भाव आण. ज्या आकड्यावर रात्री झोप लागेल तो टाक. काम गेलं तर गेलं.

एक फोन तुला नक्की येईल. “मॅडम, हे मॅनेज झालंय. तुम्ही फक्त सपोर्ट द्या, पुढच्यात तुम्हाला बघू.” नाही म्हणायचं, गोड आवाजात पण एकाच वाक्यात. पुण्यात नागरिक चेतना मंचाच्या तक्रारीवरून महापालिकेच्या कचरा प्रकल्पांच्या निविदांची चौकशी झाली आणि २०१८ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने संगनमत करणाऱ्या कंपन्यांना दंड केला. नुसतं आपलं नाव वापरू देणारेही त्यात सापडले. ‘सपोर्ट’ देणाऱ्याला काम मिळत नाही, पण गुन्ह्यातला वाटा मिळतो. आणि कोणी टेबलाखालून टक्के मागितले, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर फोनमध्ये असू दे. सगळ्याच कचेऱ्या तशा नाहीत. नीट एमबी लिहिणारे, वेळेत सही करणारे अभियंते मी खूप बघितलेत. त्यांच्याशी कागदाने बोलायचं, म्हणजे त्यांनाही आपली बाजू घ्यायला आधार राहतो.

निविदापूर्व बैठकीला जा. तिथे “मिस्टर नाही आले का?” असं विचारणारा एखादा असतोच. त्याच्याकडे बघून हस आणि आपली प्रश्नांची यादी बाहेर काढ. प्रश्न आधी लेखी पाठवलेले असू देत. साहेब तोंडी ‘होऊन जाईल’ म्हणाले, त्याला किंमत नाही. उत्तर शुद्धिपत्रकात किंवा सामाईक बदलांच्या यादीत छापून आलं, तरच ते कराराचा भाग. स्वतःच्या अटी घालून निविदा भरशील, तर ती उघडल्या दिवशीच बाद होते.

राहिलं भरायचं. राज्याच्या महाटेंडर्स पोर्टलवर भरताना डिजिटल सही तुझी स्वतःची आणि तुझ्याच ड्रॉवरमध्ये. ती सीएच्या किंवा सायबरवाल्या पोराच्या हवाली करू नकोस. दराची एक्सेल फाइल आहे त्या नावानेच परत चढव. नाव बदललं की पोर्टल ती नाकारतं. शेवटच्या दिवशी दुपारी सगळा महाराष्ट्र तिथे लोटतो. तू आदल्या रात्रीच भरून पावती काढून ठेव.

तर तुझ्या चाळीस कोटींचं उत्तर: हे काम भरू नकोस. पात्रतेतच बसत नाहीस, आणि बसली असतीस तरी तीन बिलं सोसायची ताकद आज तुझ्याकडे नाही. पण टेंडर फुकट जाऊ देऊ नकोस. डाउनलोड कर आणि मागून वाच. दर टाकायचे असल्यासारखं सगळं गणित कर. लिफाफे उघडले की पहिल्या तिघांचे आकडे पोर्टलवर दिसतील, ते तुझ्या आकड्याशेजारी लिही. अशी गणितं केलीस की कुठला दर खरा आणि कुठला उसना, ते तुलाच वाचता येऊ लागेल. तोवर प्रभात कॉलनीत आपल्या एच पूर्व वॉर्डच्या कचेरीत जाऊन शाळा, दवाखाने, समाजमंदिरं यांची दुरुस्तीची लहान कामं कशी निघतात ते समजून घे आणि झेपेल त्या वर्गात नोंदणी कर. बेरोजगार अभियंत्यांसाठी राज्यात लहान कामांचा काही वाटा राखीव असतो, तसाच मजूर संस्थांसाठीही. तुझी नोंदणी त्यात बसते का, तेही विचार. अशा कामांतून पहिल्यांदा सुरक्षा ठेव पूर्ण परत मिळाली, की त्या दाखल्याची प्रत मला पाठव. मग आपण दोघी मिळून पाच कोटींचं टेंडर उघडू, शेवटच्या पानापासून.